माझ्या वयाची नोंद आणि शेवटची वीस मिनिटे

शनिवार, ७ जून २०२५

आज दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात, तीस माणसांच्या देखत माझे मत बाद करण्यात आले. कारण : मी अल्पवयीन आहे.

वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असते आणि हे सांगून मला चार वर्षे झाली. शाळेत सिस्टर सुपीरियर म्हणायच्या, रडायचे असेल तर खुशाल रडा, पण तक्रार करायची असेल तर आधी तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहा. मी त्या शाळेत शिकले, त्याच शाळेत एकतीस वर्षे भूमिती शिकवली, आता एकाहत्तर पूर्ण आहेत. म्हणून रडत नाही, लिहिते आहे.

आमचे शनिवार चित्रमंडळ महिन्याला एक सिनेमा मतदानाने निवडते आणि दोन आठवड्यांनी दाखवते. बिस्किटांच्या दोन डब्यांत चिठ्ठ्या असतात. एकातून साल काढायचे, दुसऱ्यातून प्रकार. मागच्या खेपेला ‘१९७२’ आणि ‘प्राणिजीवन’ निघाले, आणि आम्ही पावणेदोन तास पाणघोडे बघितले. आज पहिल्या डब्यातून ‘१९९९’ निघाले. दुसऱ्यातून ‘फक्त प्रौढांसाठी’. सभागृहात अशी शांतता पसरली की खालच्या मजल्यावर कोणी पान उलटलेले ऐकू यावे. मग कोणीतरी चिठ्ठी परत टाकायची सूचना केली. चिटणिसांनी ती फेटाळली. निघाली ती निघाली.

चिटणीस म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. त्यांना सगळे वजनमापेच म्हणतात. उभा जन्म दुसऱ्यांच्या तराजूंत खोट शोधण्यात गेला, आता तराजू उरले नाहीत, आम्ही उरलो.

एकतीस मतपत्रिकांपैकी सव्वीस कोऱ्या आल्या. त्या मंडळींनी १९९९ साली तसले काही पाहिलेच नव्हते म्हणे. एकीने कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ऐकून माहीत आहे, आग्रह नाही’ असे लिहिले होते. उरली पाच मते. वजनमापे आणि त्यांच्या सौभाग्यवती यांनी एका पाणबुडीच्या सिनेमाला मत दिले, ज्यात बुडताना सगळे शिव्या देतात. नर्सबाई आणि जुन्या थिएटरचे डोअरकीपर यांनी माझ्या सिनेमाला दिले. पाचवे माझे. म्हणजे आम्ही जिंकलो होतो.

तेव्हा वजनमाप्यांनी सभासदांची नोंदवही उघडली, बोट फिरवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, १९९९ साली तुम्ही चौदा वर्षांच्या होतात.”

नियम नऊ : ज्या सालचा चित्रपट, त्या साली मतदार प्रौढ असला पाहिजे. नियम त्यांनीच केला आहे, चहा आणि मतदान यांच्या मध्ये, चार वाजून दहा मिनिटांनी.

दोन-दोन मते झाली. चिठ्ठी टाकली. पाणबुडी निघाली.

रविवार, ८ जून

सकाळी वजनमाप्यांच्या घरी जाऊन नोंदवही पाहिली. घोटाळा सरळ आहे. मी १४ जून १९८५ रोजी वाचनालयाची सभासद झाले. ज्या कारकुनाने जुन्या वहीवरून नवी वही केली, त्याने माझ्या ओळीत ती तारीख एक रकाना अलीकडे लिहिली. त्यामुळे माझा जन्म १९८५ चा, आणि सभासद मी कधी झाले ती जागा रिकामी. म्हणजे मी या जगात आले ती थेट वाचनालयाच्या काउंटरवर.

मी म्हटले, माझ्याकडे नीट बघा. केस, गुडघे, हातातली काठी. चाळीस वर्षांची बाई अशी दिसते का?

ते म्हणाले, “चूक आहे हे मला मान्य आहे, बाई. पण चूक नोंदलेली आहे.”

दुरुस्ती फक्त वार्षिक सभेत होते. वार्षिक सभा मार्चमध्ये. मी विचारले, मग ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीवर मी सात वर्षे बसते आहे, ती कशी चालली? ते विचारात पडले आणि पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतले. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते माझेच. आता बहुतेक खुर्चीही जाणार.

मंगळवार, १० जून

मुलीला फोन केला होता. ती म्हणाली, आई, एवढाच सिनेमा बघायचा असेल तर मी मोबाइलवर शोधून देते, दोन मिनिटांचे काम. मी म्हटले, तळहाताएवढ्या काचेवर बघायचा असता तर पंचवीस वर्षे थांबले नसते. तिला ते पटले नाही. खरे म्हणजे कारण तिला सांगितलेच नाही. इथे लिहून ठेवते.

सिनेमाचे नाव लिहीत नाही. ही वही आईच्या हाती लागते.

११ नोव्हेंबर १९९९, गुरुवार, साडेतीनचा खेळ. लग्नाला वीस वर्षे झाली होती आणि हे एकदा म्हणाले होते की आपण दोघे मिळून एकही चुकीची गोष्ट केलेली नाही. मी शाळेतून परस्पर बसने गेले. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना काळा चष्मा, कारण शाळेतल्या कोणी पाहिले असते तर मी नन्सना काय सांगणार होते? हे ऑफिसातून सायकलवर आले. पाणीपुरवठ्यात मीटर तपासायचे. आईला मी शाळेत इन्स्पेक्शन असल्याचे सांगितले होते. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते आणि ती आमच्याकडे राहायला आली होती. ती अजून आहे.

सिनेमात एक घड्याळजी आहे, त्याची बायको आहे आणि वरच्या मजल्यावर राहायला आलेला एक माणूस आहे. प्रौढांसाठी का, तर अकरा सेकंद तिची पाठ दिसते. बाकी सगळ्या वेळ माणसे एकमेकांशी बोलायचे टाळतात. मला वाटते, मुलांना आत न सोडायचे खरे कारण ते असावे.

शेवटी ती बाई बॅग भरून स्टेशनवर जाते. गाडीची शिट्टी ऐकू येते. तेवढ्यात यांनी माझ्या मनगटावर बोट टेकवले. पाच चाळीस झाले होते. सहाला आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते आणि डॉक्टरांनी सांगितले होते की वेळ चुकता कामा नये. मी उठले, हेही उठू लागले, मी त्यांना खाली बसवले. म्हटले, दोघांपैकी एकाने तरी शेवट बघितलाच पाहिजे.

बस वेळेवर आली नाही. मी सहा पंचवीसला घरी पोहोचले. हे सातला आले आणि मी वाटाणे सोलत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी मला शेवट सांगितला.

गाडी येते. बाई चढत नाही. बाकावर बसून राहते. पुष्कळ वेळाने घड्याळजी येतो, काही विचारत नाही, बॅग उचलतो. दोघे घरी येतात. ती बघते तर दुकानातली सगळी घड्याळे, भिंतीवरची, टेबलावरची, दुरुस्तीला आलेली, त्याने मागे लावून ठेवली आहेत. ती निघाली त्या मिनिटावर. म्हणजे ती गेलीच नव्हती.

यांना गोष्ट सांगता येत नसे. एखाद्या लग्नाला जाऊन आले तरी ‘झालं’ एवढेच सांगायचे. त्या संध्याकाळी ते सलग वीस मिनिटे बोलले, कुठली घड्याळे कुठे होती ते हाताने दाखवत. सिनेमा किती उत्तम असला पाहिजे याचा आणखी पुरावा मला नको.

त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. तो शेवट मला एकदा पडद्यावर, मोठा, बघायचा आहे. एवढेच. पाणबुडी बुडेल तेव्हा बुडेल.

बुधवार, ११ जून

डोअरकीपर आले होते. तेच ते, त्या थिएटरच्या दारावर बत्तीस वर्षे हातात बॅटरी घेऊन उभे असलेले. थिएटर पडले, तिथे आता फर्निचरचे दुकान आहे, पण ते अजून कुठल्याही खोलीत शिरताना दाराशी क्षणभर थांबतात, अंधाराला डोळे सरावावेत तसे. माझ्या बाजूने लेखी साक्ष द्यायची त्यांची तयारी आहे. म्हणाले, बाई, मी कधी अल्पवयीन माणूस आत सोडलेला नाही. तुम्ही आत गेलात म्हणजेच तुम्ही प्रौढ होतात. तुमचे सोडा, हा माझ्या नोकरीवर ठपका आहे.

त्यांना मी आठवते, हे ऐकून मला आश्चर्य वाटले. म्हणाले, “नोव्हेंबरात संध्याकाळी काळा चष्मा घालून बाहेर पडणारी एकच बाई. पायरी चुकलात, मी बॅटरी मारली. पडदा मीच उचलून धरला होता. आणि तुमच्या मागोमाग...”

इथे ते थांबले. भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे बघितले आणि पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावर मी विषय शेवटाकडे नेला. म्हटले, ती घड्याळे मागे लावलेली दिसतात तेव्हा लोक काय करायचे, टाळ्या वाजवायचे की गप्प असायचे?

“कुठली घड्याळं, बाई?”

मी सांगितले. ते मान हलवत राहिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती बाई गाडीत बसते. गाडी जाते. घड्याळजी दुकानाचा दिवा मालवतो आणि अंधारात टिकटिक ऐकू येत राहते, बस. त्यांनी तो सिनेमा एकशे बारा खेळ पाहिला आहे. मी म्हटले, पाहिला नाही, उभे होतात. शेवटाला तुमचे लक्ष दार उघडण्याकडे असणार. ते म्हणाले, असेल. पण ते ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही. विद्यार्थिनीचे प्रमेय चुकलेले असताना मी पालकांसमोर तसे बोलत असे.

शुक्रवार, १३ जून

वजनमाप्यांनी तोडगा काढला आहे. त्यांना वाटते ते मेहेरबानी करत आहेत.

मतदार त्या साली अल्पवयीन असल्यास, तत्कालीन पालकाचे संमतीपत्र जोडल्यावर मत ग्राह्य धरता येईल. डोअरकीपरच्या साक्षीची त्यांनी पोहोच दिली, तिच्यातली तारीख संमतीपत्रावर उतरवली आणि ती फाइलला लावली, पण दारावरचा माणूस पालक होत नाही. पालक हयात असल्यास समक्ष सही हवी. मला वाटते त्यांना खात्री होती की माझे पालक हयात नसतील. त्यांचा हिशेब इथे चुकला. माझी आई त्र्याण्णव वर्षांची आहे आणि माझ्याहून जास्त जेवते.

संमतीपत्र मी आईपुढे ठेवले आणि ‘इथे सही कर’ म्हटले. ती भिंग घेऊन पूर्ण वाचायला बसली. ही सवय मला तिच्याकडूनच आली आहे.

“हे काय आहे? ‘माझ्या मुलीने फक्त प्रौढांसाठीचा चित्रपट पाहण्यास’. कधी पाहिलास?”

“जुनी गोष्ट आहे, आई.”

“तारीख लिहिलीय इथे. त्या दिवशी तुझ्या शाळेत इन्स्पेक्शन होतं.”

मी पेनाचे टोपण काढून पेन तिच्यापुढे धरले.

“कोणाबरोबर गेली होतीस?”

“यांच्याबरोबर. नवऱ्याबरोबर.”

“तो तसा नव्हता,” आई म्हणाली. “तूच नेलं असणार. काय होतं त्यात?”

“पाठ.”

“कोणाची?”

“नटीची. अकरा सेकंद.”

“पुढून की मागून?”

मी म्हटले, पाठ मागूनच असते. तर म्हणाली, शिकवू नकोस. माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मी इथे एकटी, आणि तू पाठी बघत बसली होतीस. आधी माफी माग, मग सहीचं बघू.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आहेत. मी माफी मागितली नाही. जेवणावर तिने माझ्याकडे न बघता सगळी भाजी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

रविवार, १५ जून

माफी मागितली. संमतीपत्र देण्याची मुदत उद्या संपते.

आईने सही केली. वळणदार, रेघेवर. पण वर आपल्या हाताने एक अट घातली : ‘पाहू द्यावा. मात्र सहाच्या आत घरी यावे, माझे थेंब असतात.’ काचबिंदूमुळे तिला आता पुन्हा सकाळ-संध्याकाळ थेंब आहेत. मी म्हटले, आई, साडेतीनला सुरू होणारा सिनेमा सहाला संपतो, मग घरी कशी पोहोचू? तर म्हणाली, तेव्हाही असंच केलं होतंस. वर माझ्या डोळ्यांत दोनदा थेंब.

मी विचारले, दोनदा कसे? मीच घातले होते, एकदाच, साडेसहाला.

“त्याआधी त्याने घातले होते. सहाच्या ठोक्याला. केवढा धापा टाकत होता, सगळा जिना पळत चढला असणार. हात गार. म्हणाला, आई, मी येऊन गेलो हे तिला सांगू नका. मग बराच वेळ खाली जिन्यातच बसला होता, मला त्याचं खोकणं ऐकू येत होतं. तू आलीस ती त्याच्या अंगावरून आली असशील असं मला वाटलं, पण तू काळा चष्मा घालून गेली होतीस असं आत्ता माफी मागताना म्हणालीस ना, तुला तो दिसला नसेल.”

मी म्हटले, तुला दिसत नव्हते तेव्हा.

“दिसत नव्हतं. पण जावई ओळखायला डोळे कशाला लागतात?”

आईला आठवड्याचे वार आठवत नाहीत. परवा तिने पेपरवाल्याला माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक खोकला तिला आठवत असेल यावर कोणी विश्वास ठेवू नये. मी ठेवलेला नाही. आमच्या जिन्यात तेव्हा दिवा नव्हता, एवढे मात्र खरे.

सोमवार, १६ जून

११.०५ ला संमतीपत्र दिले. वजनमाप्यांनी ते उजेडात धरून पाहिले, सही खरी आहे हे ठरवायला आईला फोन केला, आईने त्यांना पंधरा मिनिटे फैलावर घेतले, आणि त्यांनी शिक्का मारला. मत ग्राह्य. तीन विरुद्ध दोन. येत्या शनिवारी, २१ तारखेला, साडेतीन वाजता माझा सिनेमा दाखवणार. वजनमाप्यांच्या सौभाग्यवतींनी जिन्यात मला गाठून हळूच विचारले, त्या पाठीच्या वेळी यांना काही काम सांगून बाहेर पाठवता येईल का? मी म्हटले, बघू.

दुपारी माळ्यावरून १९९९ ची दैनंदिनी काढली. ११ नोव्हेंबर. माझेच अक्षर :

‘घरी ६.२५. आई म्हणते थेंब झाले. कोणी घातले विचारले तर गप्प. कुरकुर टाळण्याचा बहाणा. पुन्हा घातले. हे ७ ला आले, दमलेले, शर्ट ओला. सायकल पंक्चर म्हणाले. शेवट सांगितला. अप्रतिम.’

वही मिटली आणि परत माळ्यावर ठेवली. शिडी हलत होती. कोणीतरी खाली धरायला हवी असते.

बुधवार, १८ जून

आज डोअरकीपरकडे गेले होते. त्यांची एकच खोली आहे आणि दाराला जाड निळा पडदा आहे, थिएटरचा असावा. मी त्यांना एवढेच विचारले, त्या दिवशी माझ्या मागोमाग काय? ते बराच वेळ पडद्याच्या काठाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, काही नाही बाई, कोणीतरी गृहस्थ, घाईत होते. चेहरा अंधारात कुठला दिसायला. मी विचारले, आणि शेवट? तुमची खात्री आहे?

“एकशे बारा वेळा पाहिला,” ते म्हणाले. “पण खरं सांगू, शेवट मला आता नीट आठवत नाही. घड्याळं होती बहुतेक.”

भल्या माणसाला खोटे बोलता येत नाही हे मी त्या खोलीत पाहिले. घरी आले, आईला थेंब घातले, आणि पत्र लिहायला बसले. नक्कल इथे ठेवते.

‘मा. चिटणीस, शनिवार चित्रमंडळ, यांस :

महोदय, माझ्या जन्मतारखेच्या नोंदीबद्दल मी ७ जून रोजी दुपारी ४.१७ वाजता केलेली तोंडी तक्रार, आणि नंतर केलेल्या सर्व तक्रारी, मी मागे घेत आहे. नोंद आहे तशीच ठेवावी. वार्षिक सभेत ती कोणी दुरुस्त करू पाहील तर माझा विरोध राहील. गादीची खुर्ची हवी तर परत घ्या.

आपल्याच नोंदवहीप्रमाणे मी १९९९ साली चौदा वर्षांची होते. सदर चित्रपट फक्त प्रौढांसाठी आहे. माझ्या पालकांनी दिलेली संमती सशर्त आहे, मला सहाच्या आत घरी असले पाहिजे, आणि आपण ती संमती शिक्का मारून स्वीकारली आहे. वाचनालय ते घर हे अंतर माझ्या गुडघ्यांना वीस मिनिटांचे आहे. सबब, शनिवारी चित्रपट ५ वाजून ४० मिनिटांनी, स्टेशनवर गाडीची शिट्टी ऐकू येताच, थांबवण्यात यावा आणि सभागृहातील दिवे लावण्यात यावेत. वेळ माझ्या घड्याळाप्रमाणे धरावी, भिंतीवरच्या नव्हे. पुढची वीस मिनिटे मंडळाच्या कोणत्याही सभासदाला, आज किंवा पुढे कधीही, दाखवली जाऊ नयेत. अल्पवयीन मतदाराच्या मताने निवडून आलेल्या चित्रपटाचा प्रौढ शेवट दाखवणे नियम नऊच्या विरुद्ध होईल, हे आपल्यासारख्या नियम जाणणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

दारावर डोअरकीपर उभे राहतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे.

ज्यांना शेवट हवा असेल त्यांनी त्याच संध्याकाळी सात वाजता माझ्या घरी यावे. चहा मिळेल. शेवट मला पाठ आहे. जिन्यात आता दिवा आहे, पण सावकाश चढावे.

या पत्राचे लेखी उत्तर, आपल्या सहीने व मंडळाच्या शिक्क्याने, उद्या गुरुवार, १९ जून २०२५, सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हाती मिळाले पाहिजे. तोंडी निरोप चालणार नाही.’